रेडकरांचा विल्यम

आमच्या इमारतीत कुणी गेलं, की नातेवाइकांच्या आधी रेडकर येतात, आणि येताना इंग्लंडचा एक राजा बरोबर घेऊन येतात.

हातात सुतळीचा गुंडा, खिशात ब्लेड, खांद्यावर पंचा आणि तोंडात विल्यम. बदलापूरच्या कात्रप भागातल्या आमच्या सोसायटीत हा क्रम गेली कित्येक वर्षं चुकलेला नाही. कुणाचा श्वास अडकला की लोक डॉक्टरांना फोन लावतात आणि लगोलग रेडकरांना. घाबरलेल्या एकदोघांनी तर उलट्या क्रमानं लावला आहे. तेव्हा रेडकरच दटावतात, "आधी डॉक्टर! कागद हातात पडल्याशिवाय माणूस गेला असं धरायचं नाही." कागद हातात पडला की मग ते बाह्या दुमडतात.

माझी त्यांची ओळख झाली ती माझ्या सासऱ्यांच्या निमित्तानं. आम्ही नुकतेच इथं राहायला आलो होतो. समोरच्या दारावर 'अनंत वि. रेडकर' अशी पाटी आहे आणि त्या दारातून दुपारी माशाच्या कालवणाचा फार चांगला वास येतो, एवढीच काय ती माहिती. सासरे सकाळी चहा पिता पिता गेले. आमचे हे त्यांची कपबशी हातात धरून तसेच उभे राहिले. मला काही सुचेना. तेवढ्यात एक बुटका, टकला, चौकोनी चेहऱ्याचा माणूस दाराबाहेर चपला काढून आत आला. डॉक्टर येऊन जाईपर्यंत कोपऱ्यात गप्प बसला. मग सासऱ्यांचे डोळे हलक्या हातानं मिटवले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "वहिनी, पंखा बंद करा. आणि काही काळजी करू नका. आपण यांचा विल्यम होऊ द्यायचा नाही."

मला वाटलं, हा एखादा आजार असावा.

त्या दिवशी काय आणायचं आणि कुणाला सांगायचं, हे मला एकदाही विचारावं लागलं नाही. बांबू आले, मडकं आलं, गोवऱ्या आल्या, नगरपालिकेचा पास आला, शववाहिनीवाला येऊन थांबला. माझी मुलं कुणाच्या तरी घरी जेवायलाही बसली. "तुमच्याकडे कसं करतात?" एवढं मात्र त्यांनी हळूच विचारून घेतलं. हा प्रश्न ते प्रत्येक घरी विचारतात. कोकणातलं वेगळं, देशावरचं वेगळं, गुजरात्यांचं वेगळं, सिंध्यांचं वेगळं, आणि आता ते सगळं त्यांना पाठ आहे.

माझे दीर कोल्हापूरहून यायचे होते, त्यामुळे थांबणं आलंच. खाली आवारात पुरुषमंडळी हाताची घडी घालून, कुठं बघावं ते न कळून उभी होती. मी जिन्याच्या खिडकीत होते. रेडकर उकिडवे बसून तिरडी बांधत होते आणि बांधता बांधता, जणू कालच गावाहून कळलं असावं अशा सुरात सांगत होते:

"एवढा मोठा राजा. सकाळच्या पारी गेला. बरं, गेला तेव्हा खोलीत माणसं काय कमी होती? सरदार होते, वैद्य होते. डोळे मिटले मात्र, सगळे सरदार घोड्यावर टांग टाकून पसार! का, तर आपापली वतनं सांभाळायला. राहिले नोकर. त्यांनी भांडी उचलली, गाद्या उचलल्या, राजाच्या अंगावरचे कपडेसुद्धा सोडले नाहीत. राजा जमिनीवर. उघडा. ती कामटी द्या जरा इकडे. बरं, मुलं तीन. मोठा बापाशी भांडून दुश्मनाकडे जाऊन बसलेला. मधला बापाचा श्वास चालू असतानाच गादीसाठी बोट पकडायला निघालेला. धाकटा आपली वाटणी कडीकुलपात ठेवायला गेलेला. आता बोला!"

मग आमचे हे, जे सकाळपासून तोंडातून अक्षर काढत नव्हते, ते म्हणाले, "मग... नेलं कुणी?"

"होता एक," रेडकर म्हणाले. "हर्लुइन म्हणून. खेड्यातला साधा माणूस. नात्याचा नाही की गोत्याचा नाही." एवढं बोलून त्यांनी गाठ ओढली, दोन्ही हातांनी हिसडा देऊन पाहिली, आणि पुढच्या गाठीकडे सरकले.

हर्लुइन हे नाव ते असं घेतात, की ऐकणाऱ्याला हा त्यांच्याच गावचा, देवगडकडचाच कुणी असावा असं वाटतं.

विल्यमची पूर्ण कथा एका मयतात कधीच संपत नाही. मध्येच शववाहिनी येते, मध्येच भटजी येतात. मला ती पुरती ऐकायला तीन-चार घरं जावी लागली. राजाला बोटीत घालून हर्लुइननं दूर कुठल्या गावी नेलं, तिथं मिरवणूक निघाली, तर ऐन वेळी गावात आग लागली आणि खांद्याला आलेले लोक बादल्या घेऊन पळाले. ती आग झाली, तर पुढे पुरायच्या वेळी दगडी पेटी लहान पडली. "माप घेतलं नव्हतं!" हे सांगताना रेडकरांचा आवाज अजून चढतो. ते अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यात जन्मभर स्टोअर सांभाळत होते. माप न घेता काम करणारा माणूस त्यांना सहनच होत नाही. "राजा देहानं दांडगा. पेटी लहान. मग काय, बसले कोंबत! आणि..." इथं ते आजूबाजूला कोण आहे ते पाहून "असो" म्हणतात. पण इमारतीतल्या पोरांना पुढचं ठाऊक असतं. ती जिन्यातून ओरडतात, "पोट फुटलं!"

"वास," रेडकर खाली मान घालून म्हणतात. "धूप जाळून जाळून दमले. पाद्र्यांनी कसेबसे मंत्र उरकले आणि पळाले."

या पेटीचा त्यांनी इतका धसका घेतला आहे, की सोसायटीच्या वार्षिक सभेत जुनी लिफ्ट बदलायचा विषय निघाला तेव्हा ते टेप घेऊनच आले. सेक्रेटरींनी चार कंपन्यांची दरपत्रकं वाचून दाखवली. रेडकर उठले आणि म्हणाले, "यातली एकही चालणार नाही. आडवा माणूस मावला पाहिजे."

"काका," सेक्रेटरी म्हणाले, "लोक लिफ्टमधून उभेच जातात हो."

"सध्या जातात," रेडकर म्हणाले.

चहावाला दारातच थबकला. पाचव्या मजल्यावरचे पाटील, जे देहानं विल्यमच्या जवळपास आहेत, ते रुमालानं मान पुसायला लागले. रेडकरांनी त्यांच्याकडे प्रेमानं पाहून म्हटलं, "तुम्ही घाबरू नका. तुमचं मी बघून ठेवलंय." पाटील दुसऱ्या दिवसापासून सकाळी चालायला जाऊ लागले. लिफ्ट मात्र आली ती मोठीच आली.

आणि बी विंगमधल्या आजी गेल्या तेव्हाची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. शववाहिनी आवारात उभी होती. तेवढ्यात तळमजल्यावरचे कदम बाहेरून आले, गाडीचा हॉर्न वाजवला आणि काच खाली करून म्हणाले, "ही माझी पार्किंगची जागा आहे. रीतसर घेतलेली आहे. आधी ती गाडी काढा." आजींचे नातू संतापून पुढे सरसावले. आता हातघाईवर येणार, तोच रेडकर हातातलं मडकं खाली ठेवून उठले. त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू घरी पाहुणा यावा.

"आला!" ते म्हणाले. "असेलिन आला!"

मग त्यांनी कदमांच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, की राजाला पुरायच्या वेळी, ऐन प्रार्थनेत, असेलिन नावाचा माणूस असाच उठून उभा राहिला होता. ही जागा माझ्या बापाची आहे, राजानं ती लुबाडली, मी इथं त्याला पुरू देणार नाही, म्हणाला. बिशप गप्प. चौकशी केली, तर माणूस खरं बोलत होता! तेव्हा त्याला तिथल्या तिथं जागेची भरपाई दिली, गोड बोलले आणि मगच पुढचं काम झालं. "तेव्हा कदम," रेडकर हात जोडून म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. जागा तुमची आहे. आजींच्या वतीनं मी तुमची परवानगी मागतो."

कदम भांडायच्या तयारीनं आले होते. असं काही होईल याची त्यांना कल्पना नव्हती. ते गाडीतून उतरले, जरा वेळ चावी बोटाभोवती फिरवत उभे राहिले, आणि शेवटी आजींना पुढचा खांदा त्यांनीच दिला.

हा विल्यम रेडकरांना भेटला कुठं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. एकदा त्यांनीच ते पुस्तक दाखवलं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका रद्दीच्या दुकानातून आलेला इंग्रजी इतिहासाचा जाडजूड ठोकळा. पुठ्ठा गायब, पहिली पानं उंदरांनी खाल्लेली. उंदीर जिथं दमले, तिथं विल्यम अंथरुणाला खिळलेला होता. त्यामुळे रेडकरांना विल्यम मरतो तिथपासूनच माहीत आहे. त्याआधी तो कोण होता, काय करत होता, याचा त्यांना पत्ता नाही. मी शाळेत भूगोल शिकवते, राजेमहाराजांशी माझा संबंध नाही. पण आमच्या इतिहासाच्या बाईंना विचारून मी एकदा त्यांना सांगितलं, "काका, अहो हा विल्यम साधासुधा नव्हता. समुद्र ओलांडून जाऊन त्यानं अख्खं इंग्लंड जिंकलं होतं."

"असेल," रेडकर म्हणाले. "तरुणपणी माणूस काय काय करतो."

आता त्यांच्या दुसऱ्या तऱ्हेबद्दल. हा माणूस कुठंही जात नाही. उत्तरेला कल्याण आणि दक्षिणेला वांगणी, एवढाच त्यांचा भूगोल. सोसायटीची सहल अलिबागला निघाली, तर त्यांना तिथलं पाणी बाधतं. महाबळेश्वरची उंची बाधते. पुण्यात मेहुणीच्या मुलाचं लग्न होतं, तर पुण्याची माणसं बाधतात म्हणाले. ते मात्र आम्ही कुणी खोडून काढलं नाही. गावी, देवगडला, गणपतीतसुद्धा गेलेले नाहीत. लोक म्हणायचे, माणूस चिकट आहे. कुणी म्हणायचं, मयत चुकेल म्हणून जात नाही. रेडकरकाकू कपाळावर हात मारून म्हणायच्या, "आमच्या ह्यांना जिवंत माणसाच्या घरी जायची सवयच नाही!"

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं, पण मग त्यांच्या मुलीला, मानसीला, मुलगी झाली. मानसी बंगळूरला असते. काकू बाळंतपणाला गेल्या त्या तिकडेच राहिल्या. बारसं ठरलं. रेडकर म्हणाले, बंगळूरची हवा फार चांगली आहे म्हणतात, मला सवय नाही. बारसं झालं. मानसीनं दिवाळीची तिकिटं काढून पाठवली, ती यांनी कंबर धरली म्हणून रद्द करायला लावली. कंबर धरलेली असताना त्याच आठवड्यात ते डी विंगमध्ये एकाला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणत होते. कुणीतरी काकूंना ते कळवलंच.

परवा मानसीचा मला फोन आला. आवाज बसलेला होता. "काकू, पुढच्या आठवड्यात बाळाचा पहिला वाढदिवस आहे. बाबांनी तिला अजून हातात घेतलेलं नाही. आई आता बोलतच नाही त्यांच्याशी. मी पण शेवटचंच विचारणार आहे. नाही आले तर यापुढे मी बोलावणार नाही. तुम्ही एकदा समजावा ना."

मी चिडलेच होते. भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेऊन मी समोरचं दार वाजवलं आणि डबा त्यांच्या हातात देता देता सुरुवात केली. नात कशी दिसते माहीत आहे का, लेकीला काय वाटत असेल, काकूंनी आयुष्यभर काय पाहिलं. वर्गात बोलते तशी बोलले. रेडकरांनी सगळं ऐकून घेतलं. एकही विनोदी सबब सांगितली नाही, त्याचंच मला आश्चर्य वाटलं. मग म्हणाले, "वहिनी, उद्या रविवार आहे. माझ्याबरोबर कॅम्प चारला चला. मग बोला."

दर रविवारी सकाळी ते तिकडे जातात, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. रद्दीत पुस्तकं चाळायला जातात, अशी आमची समजूत.

दुसऱ्या दिवशी आम्ही रिक्षानं निघालो. अंबरनाथ मागे पडलं. मग रेडकर एकदम, माझ्याकडे न बघता, बोलायला लागले.

"कारखान्यात नवीन होतो. टेकूदादांच्या रद्दीच्या गोदामामागे खोली घेतली होती. दादा म्हणजे मालक, सिंधी. बाबांना मी गावाहून औषधपाण्यासाठी आणलं होतं. आदल्या दिवशी नळावरून माझं आणि दादांचं भांडण झालं. पुन्हा तुमचं तोंड बघणार नाही, असं बोललो मी. आणि सकाळी बाबा गेले. आई गावाला, भाऊ गावाला. तार केली, पण ते कधी पोचणार? कारखान्यातले सोबती कामावर. गावाकडचे दोघे अंबरनाथला होते, ते येतो म्हणाले ते आलेच नाहीत. मी दारात बसून राहिलो, वहिनी. काय करतात तेच माहीत नव्हतं मला. बाबांच्या अंगावर चादर घातली, आणि बसलो."

रिक्षा खड्ड्यातून गेली. रेडकरांनी पुढची दांडी धरली.

"दादांनी दुकानाचं शटर ओढलं. आले. म्हणाले, आदमी कितने हैं? मी म्हटलं, कुणी नाही. म्हणाले, तो मैं क्या खंबा हूँ? दोन हमाल बोलावले. आता तिरडी कुणालाच बांधता येत नव्हती, मला नाही, त्यांना नाही. त्यांनी रद्दीचे गठ्ठे बांधतात तशी बांधली. अर्ध्या वाटेत गाठ सुटली. बाबा घसरायला लागले. दादांनी आपला कोपरा रस्त्यावरच्या कुणाच्या तरी खांद्यावर दिला, आणि बाबांना खालून दोन्ही हातांवर घेतलं. लहान पोराला घेतात तसं. तसेच चालत गेले स्मशानापर्यंत."

मी रिक्षावाल्याला जरा हळू घ्यायला सांगितलं.

"पुढे दादांनीच ते पुस्तक दिलं. इंग्रजी सुधार, बढती मिळेल म्हणाले. मी डिक्शनरी घेऊन बसलो. पहिलंच पान ते. राजा जमिनीवर, आणि कुणी एक माणूस येऊन त्याला उचलतो. मी तसाच पळत दुकानात गेलो. म्हटलं, दादा, तुम्ही पुस्तकात आहात!"

इथं रेडकर हसले. मग म्हणाले, "दादांची बायको गेली. मुलं दुबईला. रोज फोन करतात, चांगली आहेत पोरं. पण ती पोचणार कधी? मी कुणाला शब्द दिलेला नाही, वहिनी. हिलाही बोललो नाही, म्हणेल कुणाच्या मरणाची वाट बघत बसलात. पण फोन आला की मला तासाभरात तिथं उभं राहता आलं पाहिजे. बंगळूरहून कसा येणार मी?"

कॅम्प चारच्या एका गल्लीत, शिलाई मशिनांच्या खडखडाटात, रद्दीचं ते दुकान होतं. शटर अर्धं वर. आत खुर्चीवर पांढरा पायजमा-कुडता घातलेला, काठीसारखा सरळ, नव्वदीच्या पुढचा एक म्हातारा जाड चष्म्यातून पेपर वाचत होता. त्याची तब्येत पाहून मला पहिला विचार आला तो हा, की हा गृहस्थ आम्हा सगळ्यांना पोचवून मग जाणार.

"आओ," म्हातारा पेपर खाली न करता म्हणाला. "हर इतवार देखने आता है, बुड्ढा गया कि नहीं. नहीं गया. बैठो." मग मला पाहून त्यानं पेपर घडी केला, आतल्या बाईला हाक मारली आणि आमच्यापुढे पापड आणि पाणी आलं. मी कोण, ते रेडकरांनी सांगितलं. कशासाठी आले, ते मी सांगितलं.

"पहला जन्मदिन है?" टेकूदादा रेडकरांकडे वळले. "और तू इधर पापड खा रहा है?"

"दादा, ते..."

"क्या ते? मुझे मालूम नहीं क्या, तू मन में क्या लेके बैठा है? जिंदगीभर मैंने रद्दी तौली है, तेरी अकल भी तौल सकता हूँ. मेरा डॉक्टर बोलता है सब रिपोर्ट अच्छा है, तो तेरा मुँह उतर जाता है!"

"असं नाही हो दादा!" रेडकर कळवळून म्हणाले.

"ऐसाच है. अरे, मेरा बाप भी बहुत लंबा चला था. मैं मरूँगा नहीं, और वो बच्ची की शादी हो जाएगी, तब तू जाएगा?"

मला हसू आलं. पण रेडकर हसले नाहीत. त्यांनी पापड ताटलीत ठेवला. "दादा," ते म्हणाले, "मी गेलो आणि काही झालं, तर इथं कोण आहे? ही बाई. शेजारचे कारखानेवाले, ते कामावर. चार माणसं कुठून येणार? मी बसलोय तसा एकदा. मला माहीत आहे ते."

म्हाताऱ्यानं चष्मा काढला आणि कुडत्याच्या टोकानं पुसत बसला. एवढा वेळ गमतीनं बोलत होता, पण ही भीती त्यालाही होती.

"मी आहे," मी म्हटलं.

दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"मी येईन. आमचे हे येतील, कदम येतील. काका, आमच्या इमारतीत तुम्ही पोचवलं नाही असं एकही घर नाही. टेकूदादांसाठी बदलापूरहून येणाऱ्यांना एक गाडी पुरायची नाही. माझा नंबर इथं भिंतीवर लिहून ठेवते."

"लेडीज कंधा देगी?" टेकूदादांनी विचारलं.

"देईन."

म्हातारा उठला. मला आणि रेडकरांना त्यानं शेजारी शेजारी उभं केलं, एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, एक रेडकरांच्या, आणि मान तिरकी करून डावीकडून उजवीकडे पाहिलं. मी बायकांत उंच आणि रेडकर पुरुषांत बुटके, त्यामुळे फरक काही निघाला नाही.

"बराबर है," तो समाधानानं म्हणाला. "डोलेगा नहीं."

मग त्याचा एक हात तसाच रेडकरांच्या खांद्यावर राहिला.

"अनंता, वो तेरा किताबवाला आदमी. हर्लुइन. राजा को पहुँचाया उसने. फिर किधर गया?"

रेडकर गोंधळले. "पुस्तकात नाही, दादा. तिथून पुढे त्याचं नावच येत नाही."

"कैसे आएगा?" टेकूदादा म्हणाले. "घर गया होगा. उसका भी कोई होगा राह देखनेवाला. तू भी जा, बेटा."

आमच्या सोसायटीतली इतकी माणसं रेडकरांनी स्वतःच्या हातानं बांधून पाठवली, पण त्यांच्या डोळ्यांत मी कधी पाणी पाहिलं नव्हतं. त्या दुकानात, रद्दीच्या गठ्ठ्यांमध्ये, ते लहान मुलासारखे रडले. टेकूदादांनी त्यांना रडू दिलं आणि मला पापड संपवायला सांगितलं. मी तो कसाबसा संपवला.

बाहेर आलो तेव्हा ऊन चढलं होतं. रिक्षा मिळेपर्यंत आम्ही एका बंद दुकानाच्या पायरीवर थांबलो. रेडकरांनी पंच्यानं तोंड पुसलं. "ते पान मला पाठ आहे, वहिनी," ते म्हणाले. "पण हा प्रश्न माझ्या कधी डोक्यातच आला नाही." थोड्या वेळानं त्यांनी फोन काढला, चष्मा शोधला, आणि मानसीचा नंबर लावला. मशिनांचा आवाज इतका होता की त्यांनी स्पीकर चालू केला.

"बाबा?" पलीकडून घाबरलेला आवाज आला. "बाबा, काय झालं? कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही गं," रेडकर म्हणाले. "मी येतोय."